आपल्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय?

मोबाईल आणि इंटरनेटची सुरक्षितता हा विषय कार्यकर्ता शिबिरात घ्या, असं मी गेली तीन-चार वर्षं सांगते आहे. दर वेळी तीनपैकी एक उत्तर मिळतं. पहिलं, "ताई, आपल्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय? खात्यात हजार रुपये टिकत नाहीत." दुसरं, "जो लोभी असतो तोच फसतो, त्याला आपण काय करणार?" तिसरं, "हे कॉम्प्युटरवाल्या पोरांचं काम आहे, आपण जातीअंतावर बोलू." मी नागपुरात वस्तीपातळीवर काम करते, समाजशास्त्रात एम.ए. केलं आहे, आणि मला ही तिन्ही उत्तरं चुकीची वाटतात. या उत्तरांमुळे आपल्याच माणसांचं नुकसान होतं, हे रोज डोळ्यांनी बघते. म्हणून एकेका उत्तराचा हिशेब करू.

पहिलं उत्तर : आपल्याकडे आहे तरी काय?

अकरावी-बारावीतल्या आपल्या कुठल्याही मुलामुलीच्या मोबाईलची गॅलरी उघडून बघा. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधार कार्ड, वडिलांचं रेशन कार्ड, दहावीची मार्कशीट, पासबुकाचं पहिलं पान. सवर्ण मध्यमवर्गीय घरातल्या मुलाच्या मोबाईलमध्ये इतके कागद सापडणार नाहीत, कारण त्याला ते दर वर्षी कुणापुढे सिद्ध करावे लागत नाहीत. आपल्याला शिष्यवृत्तीसाठी लागतात, वसतिगृहासाठी लागतात, स्वाधार योजनेसाठी लागतात, फ्रीशिपसाठी लागतात. ज्याच्याकडे पैसा कमी, त्याच्याकडे कागद जास्त. आणि हे सगळे कागद एका साध्या फोनमध्ये असतात, ज्याला बहुतेक वेळा स्क्रीन लॉकसुद्धा नसतो.

आता हे कागद किती हातांतून जातात ते मोजा. नेट कॅफेवाल्याच्या व्हॉट्सॲपवर जातात. झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर 'डाउनलोड'मध्ये पडून राहतात. कॉलेजातून निरोप येतो, "सर्वांनी आपापले दाखले ग्रुपवर टाका," आणि शंभर मुलांचे दाखले शंभर जणांच्या फोनमध्ये जाऊन बसतात. कॉलेज सुटतं, मुलं पांगतात, दाखले मात्र तिथेच राहतात.

पैशाची चोरी झाली तर निदान कळते. दाखला फुटला तर काय होतं, ते ऐका. आमच्या ओळखीचा एक मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला लागला. आडनावावरून त्याची जात लक्षात येत नव्हती. खोली चांगली मिळाली होती, घरमालकीण त्याला सणाला जेवायला बोलवायची. कुठल्याशा भरतीच्या ग्रुपवर त्याने टाकलेला जातीचा दाखला फिरत फिरत तिच्या मुलाच्या फोनवर पोहोचला. महिनाअखेरीस खोली रिकामी करायला सांगितलं. कारण दिलं, गावाकडचे पाहुणे राहायला येणार आहेत. या मुलाच्या खात्यातून एक रुपया गेला नाही. कुठल्या पोलिसाकडे तो काय तक्रार करणार?

म्हणून मी म्हणते, आपल्याकडे चोरण्यासारखं फार मोठं काहीतरी आहे. आपली जात ही माहिती आहे, आणि ती कधी, कुठे, कुणाला सांगायची हे ठरवण्याचा अधिकार आपला असला पाहिजे. मी माझी जात लपवत नाही, बौद्ध म्हणून ताठ मानेने जगते. पण ताठ मानेने सांगणं वेगळं आणि दुसऱ्या कुणी आपल्या पाठीमागे उघडं पाडणं वेगळं. पुट्टास्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार मानला, त्याचा आपल्या वस्तीतला अर्थ हाच आहे.

इथे कायद्याचीही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ साली दिलेल्या मसुद्यात आणि २०१९ च्या विधेयकात जात किंवा जमात ही 'संवेदनशील वैयक्तिक माहिती' धरली होती. आरोग्य, धर्म, पैशाचे व्यवहार यांच्या बरोबरीने तिला जास्तीचं संरक्षण मिळणार होतं. २०२३ साली जो कायदा प्रत्यक्षात आला, त्यातून संवेदनशील माहितीचा हा वेगळा वर्गच गळाला. आपल्यापैकी किती जणांनी त्यावर निवेदन दिलं? आरक्षणावर एक ओळ बदलली तर आपण रस्त्यावर येतो. ही ओळ पुसली गेली तेव्हा आपल्याला पत्ताही नव्हता, कारण हा विषय आपला वाटलाच नाही.

दुसरं उत्तर : लोभी लोक फसतात

हे उत्तर मला सगळ्यात जास्त खटकतं. गरीब माणूस आळशी असतो म्हणून गरीब राहतो, दलित स्वच्छ राहत नाहीत म्हणून शिवाशीव पाळली जाते, त्याच माळेतलं हे वाक्य आहे. ज्याचं नुकसान झालं त्याच्याच स्वभावात दोष शोधायचा. निदान आपण तरी असं बोलू नये.

केंद्र सरकारने २०२५ साली संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात देशातल्या लोकांनी सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गमावले. त्यात डॉक्टर आहेत, बँकेचे निवृत्त अधिकारी आहेत, प्राध्यापक आहेत. फसवणारे लोभापेक्षा भीती, घाई आणि गरज या तीन गोष्टींवर जास्त भरवसा ठेवतात. या तिन्ही गोष्टी आपल्या समाजात कशा काम करतात ते बघू.

गरज. शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाईन, दाखल्याचा अर्ज ऑनलाईन, वसतिगृहाचा अर्ज ऑनलाईन. घरात कॉम्प्युटर नाही, आईवडिलांना इंग्रजी येत नाही. मग मुलगा कॅफेत जातो. कॅफेवाला विचारतो, "आधारला कुठला नंबर आहे? ओटीपी आला असेल, सांग." मुलगा सांगतो. दर वर्षी, दर अर्जाला, दहा वेळा सांगतो. बँक एकीकडे मेसेज पाठवते की ओटीपी कुणालाही देऊ नका, आणि व्यवस्था दुसरीकडे अशी रचलेली आहे की ओटीपी तिसऱ्या माणसाला दिल्याशिवाय हक्काची शिष्यवृत्तीच मिळत नाही. ओटीपी सांगण्याची सवय आपल्या पोरांना या व्यवस्थेने लावली आहे. उद्या "समाजकल्याणमधून बोलतोय, तुमचा अर्ज रिजेक्ट होतोय, ओटीपी सांगा" असा फोन आला की त्याच सवयीने तो ओटीपी देतो. याला लोभ म्हणायचं?

आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीची शिष्यवृत्ती पोर्टलवर 'जमा झाली' दिसत होती, पण पासबुकात एक पैसा नव्हता. शोध घेतला तेव्हा कळलं की चौकात छत्री लावून बसलेल्या एका माणसाने मोफत सिमच्या नावाखाली तिचं आधार आणि अंगठा घेऊन तिच्या नावाने एक नवीन खातं उघडलं होतं. सरकारी अनुदान आणि शिष्यवृत्ती आधारला जे खातं शेवटी जोडलं गेलं त्यात जाते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. २०१७ साली एका मोठ्या मोबाईल कंपनीच्या पेमेंट बँकेने लाखो ग्राहकांच्या बाबतीत हेच केलं होतं, लोकांचं गॅसचं अनुदान त्यांना न विचारता उघडलेल्या खात्यांत वळलं आणि आधार प्राधिकरणाला त्या कंपनीवर कारवाई करावी लागली. आमच्या मुलीचे पैसे सुदैवाने त्या नव्या खात्यात तसेच पडून होते. ते खातं बंद करून, आधार जुन्या खात्याला पुन्हा जोडून पैसे मिळवायला तीन महिने गेले. तेवढ्यात परीक्षा फीची तारीख निघून गेली आणि विलंब शुल्क भरावं लागलं.

घाई. "आज रात्री १२ वाजता लाईट कापणार", "आजच केवायसी करा", "शेवटच्या दहा जागा". ज्याची नोकरी हातावर पोट असणारी आहे त्याला कामाचा दिवस मोडून कार्यालयात जाऊन खात्री करणं परवडत नाही. म्हणून तो फोनवरच काम उरकतो. कर्जाच्या ॲपचंही तसंच. बँक आपल्याला कर्ज देत नाही, ॲप पाच मिनिटांत पाच हजार देतं, आणि बदल्यात आपल्या फोनमधले सगळे नंबर आणि फोटो घेऊन ठेवतं. हप्ता चुकला की आईचा फोटो घाणेरड्या मजकुरासह नातेवाइकांना जातो. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या नियमांत कर्जाच्या ॲपना ग्राहकाची संपर्कयादी आणि गॅलरी बघायला मनाई केली आहे. जे ॲप ही परवानगी मागतं ते तिथेच नियमाबाहेर आहे, एवढं ओळखता आलं तरी पुरे.

भीती. आपल्या समाजातली नोकरी मिळवणारी पहिली पिढी आता निवृत्त झाली आहे. शिक्षक, टपाल खात्यातले, रेल्वेतले, बँकेतले. आयुष्यभर नियमाने वागलेली ही माणसं, हाती निवृत्तीचा पैसा. त्यांना व्हिडिओ कॉल येतो, समोर गणवेशातला माणूस, मागे पोलिसांचा बोर्ड. "तुमच्या आधारवर ड्रग्जचं पार्सल सापडलं, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, घरच्यांना सांगायचं नाही." पोलीस आणि कोर्ट यांचा आपल्या लोकांना जो अनुभव आहे त्यामुळे ही भीती दुप्पट काम करते. पण आपण तर संविधान मानणारी माणसं. कलम २२ काय सांगतं? अटक केलेल्या माणसाला अटकेचं कारण कळवलं पाहिजे, वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं पाहिजे. व्हिडिओ कॉलवरच्या अटकेला या देशाच्या कायद्यात जागाच नाही. संविधान दिनाला उद्देशिका वाचताना या कलमाचा हा उपयोग एकदा आपल्या काका-मावशींना समजावून सांगा.

बेरोजगार पोरांसाठी आणखी एक सापळा आहे आणि तो फार महागात पडतो. "तुझं खातं फक्त वापरायला दे, महिन्याला पाच हजार देतो." एटीएम कार्ड, सिम आणि पासबुक देऊन टाकलं की लुटीचा पैसा त्या खात्यातून फिरतो. पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात. पैसा खाल्ला कुणी, गुन्हा कुणावर! सरकारी नोकरीची तयारी करणाऱ्या मुलाच्या चारित्र्य पडताळणीत हा गुन्हा निघाला तर पाच वर्षांचा अभ्यास पाण्यात जातो. खातं भाड्याने देणं हा जोडधंदा नाही, तो गुन्ह्यातला सहभाग ठरू शकतो, हे प्रत्येक अभ्यासिकेच्या भिंतीवर लावा.

तिसरं उत्तर : आपण जातीअंतावर बोलू

२०१५ साली शिर्डीत भीमगीताच्या रिंगटोनवरून एका दलित तरुणाचा खून झाला. मोबाईल आणि जात वेगवेगळ्या गोष्टी आहेत असं म्हणणाऱ्यांनी ही एक घटना आठवावी. फोन आपल्या हातात आला तेव्हा त्याच्यासोबत आपली ओळखही बाहेर पडली, आणि ती ज्यांना सहन होत नाही ते फोनच्या दुसऱ्या टोकाला बसले आहेत.

त्यांचं सगळ्यात सोपं हत्यार म्हणजे आपला राग. १४ एप्रिल किंवा ६ डिसेंबर जवळ आला की कुठल्यातरी बनावट खात्यावरून बाबासाहेबांची किंवा तथागतांची विटंबना करणारं चित्र येतं. आपली पोरं संतापतात, स्क्रीनशॉट काढतात, "हा बघा, याला शोधा" म्हणून पन्नास ग्रुपवर टाकतात. विटंबना करणाऱ्याला जेवढं पोहोचायचं होतं त्याच्या शंभरपट आपणच पोहोचवतो. पुढे दगड पडतो, गुन्हे आपल्या पोरांवर दाखल होतात आणि मूळ खातं संध्याकाळी गायब झालेलं असतं. बनावट पोस्टवरून काय होऊ शकतं ते पुण्याने जून २०१४ मध्ये पाहिलं आहे. महापुरुषांच्या विटंबनेची पोस्ट फिरली आणि हडपसरमध्ये त्या पोस्टशी काडीचा संबंध नसलेल्या एका तरुण मुस्लीम इंजिनिअरला जमावाने मारून टाकलं. उद्या तो जमाव आपला नसेल आणि मरणारा आपला नसेल, याची खात्री कोण देणार?

कालामांना तथागतांनी जे सांगितलं ते फॉरवर्ड बटणाला जसंच्या तसं लागू आहे. कुणीतरी सांगितलं, सगळे म्हणतात, सांगणारा मोठा आहे, एवढ्यावर खरं मानायचं नाही. स्वतः तपासायचं. आपण हे सुत्त प्रवचनात ऐकतो आणि विहारातून बाहेर पडताच "बघा आणि जास्तीत जास्त शेअर करा" वर बोट ठेवतो.

मग राग गिळायचा का? मुळीच नाही. त्याचा पुरावा करायचा. पोस्टची लिंक आणि खात्याची लिंक कॉपी करा, कारण नाव आणि फोटो बदलता येतात. तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. दोघांनी दोन वेगळ्या फोनवरून घ्या. पोस्ट पुढे पाठवू नका. लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. जातीवरून ऑनलाईन शिवीगाळ झाली तर ॲट्रॉसिटी कायदा लागत नाही असं सांगून परत पाठवणारे अधिकारी आजही भेटतात. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट म्हटलं आहे की इंटरनेटवर टाकलेला अपमानकारक मजकूर, पीडित व्यक्ती समोर हजर नसली तरी, या कायद्याखाली येऊ शकतो. आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अट नाही, हे कलम १८ए त्यांच्यापुढे ठेवा.

मुलींबद्दल वेगळं बोललं पाहिजे. जातीवर लिहिणाऱ्या आपल्या एका मुलीचा चेहरा कुणीतरी नग्न फोटोवर चिकटवला आणि तिच्याच कॉलेजच्या ग्रुपवर टाकला. ती माझ्याकडे आली तेव्हा फोटोपेक्षा जास्त भीती तिला वडिलांची होती. ते फोन काढून घेतील, कॉलेज बंद करतील. पोलीस ठाण्यात आम्हाला सल्ला मिळाला की डिलीट करा, मुलीचं नाव खराब होईल. आम्ही डिलीट केलं नाही. लिंक, स्क्रीनशॉट आणि ग्रुपमधल्या दोन मैत्रिणींचे जबाब घेऊन तिसऱ्या दिवशी तक्रार नोंदवून घेतली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ लागलं, सोबत ॲट्रॉसिटीची कलमं लावून घेतली. आरोपी तिच्याच वर्गातला निघाला. खटला अजून उभा राहायचा आहे. पण ती मुलगी कॉलेजात जाते आहे, आणि लिहिते आहे.

तिच्या वडिलांशी झालेलं बोलणं मला महत्त्वाचं वाटतं. मी म्हटलं, "काका, सावित्रीमाईंवर शेण फेकलं तेव्हा जोतिबांनी त्यांना घरी बसवलं असतं तर?" ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "फोन तिच्याकडेच राहू दे." हल्ला झाला की मुलीचा फोन काढून घेणारं घर हल्लेखोराचंच काम पूर्ण करत असतं. सुरक्षिततेच्या नावाखाली आपण मनुस्मृतीचा उंबरठा परत घरात आणायचा नाही.

आणि जे पूर्णवेळ कार्यकर्ते आहेत, वकील आहेत, लिहिणारे आहेत, त्यांच्यापुढचा धोका आणखी वेगळा आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हॉट्सॲपनेच उघड केलं की पेगासस नावाच्या इस्रायली हेरगिरी सॉफ्टवेअरने जगभरातल्या सुमारे १,४०० फोनना लक्ष्य केलं होतं. त्यात प्रा. आनंद तेलतुंबडे होते, नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते. भीमा कोरेगाव प्रकरणात रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची तपासणी अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आलेल्या तिच्या अहवालाचं म्हणणं असं की १३ जून २०१६ रोजी ओळखीच्या माणसाच्या ईमेल खात्यावरून आलेली एक फाईल उघडल्यावर नेटवायर नावाचं घातक सॉफ्टवेअर त्यात शिरलं, जवळपास २२ महिने तो लॅपटॉप कुणाच्या तरी ताब्यात होता आणि पुरावा म्हणून दाखवलेली पत्रं त्यात बाहेरून ठेवली गेली. तपास यंत्रणेने हे अमान्य केलं आहे, निकाल न्यायालयात लागेल. पण आपल्यासाठी धडा निकालाची वाट बघत नाही. फाईल ओळखीच्या नावाने आली म्हणून ती ओळखीच्या माणसाने पाठवली असं होत नाही. उघडण्याआधी एक फोन करून विचारा, "तू काही पाठवलंस का?"

पेगाससपुढे सामान्य माणूस फारसं काही करू शकत नाही, हे मान्य. पण आपल्या वस्तीत होणारं नुकसान पेगाससमुळे होत नाही. ते साध्या चुकांमुळे होतं आणि त्या आपल्या हातात आहेत.

मग काय करायचं?

सगळ्यात आधी पासवर्ड. आपल्या चळवळीचा पासवर्ड मी ओळखू शकते. 'जयभीम'नंतर १२३, नाहीतर १४०४, नाहीतर १८९१. मंडळाच्या फेसबुक पेजला हाच, ईमेलला हाच, महाडीबीटीला हाच. प्रेमापोटी ठेवलेला आहे, मला कळतं. पण विरोधक पहिल्या तीन प्रयत्नांत हाच टाकून बघणार. बाबासाहेब हृदयात ठेवा, पासवर्डमध्ये नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी लिपीत जोडून लांब पासवर्ड करा, आणि ईमेलचा पासवर्ड तरी इतर सगळ्यांपेक्षा वेगळा ठेवा. ईमेल गेला की त्याच्यामागे बाकी सगळं जातं.

१. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' आजच सुरू करा. "चुकून माझा सहा आकडी कोड तुझ्याकडे आला, सांग ना" असा मेसेज मित्राच्या नावाने आला तरी कोड देऊ नका. मित्राचं खातं आधीच गेलेलं असतं. 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये अनोळखी कॉम्प्युटर दिसला तर काढून टाका.

२. लग्नपत्रिका, वाहनाचं चलान, योजनेची यादी असं काहीही 'एपीके' फाईल म्हणून आलं तर हात लावू नका. पत्रिका फोटो किंवा पीडीएफमध्ये येते, तिला ॲप लागत नाही.

३. यूपीआयचा पिन फक्त पैसे पाठवायला आणि शिल्लक बघायला लागतो. पैसे मिळवायला ना पिन लागतो, ना क्यूआर कोड स्कॅन करावा लागतो.

४. अर्ज भरताना मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचाच टाका, कॅफेवाल्याचा नको. काम झालं की त्याच्या समोर उभं राहून फाईली आणि व्हॉट्सॲप चॅट पुसायला लावा. जिथे चालेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं 'मास्क्ड' आधार द्या. बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, लागेल तेव्हा उघडता येतं. आधारला कुठली बँक जोडली आहे हे आधारच्या संकेतस्थळावर वर्षातून दोनदा बघा. 'संचार साथी'वर आपल्या नावावर किती सिम आहेत तेही कळतं.

५. पैसे गेले तर रडत बसू नका, पहिल्या तासात १९३० वर फोन लावा, बँकेला कळवा, सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार टाका. पैसा पुढच्या खात्यातून निघण्याआधी गोठवता येतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, तुमचा किंवा बँकेचा दोष नसताना तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले आणि बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य असते. स्वतः ओटीपी दिला असला तरी, बँकेला कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या अंगावर. म्हणून लाजेने गप्प बसण्यात एक एक तास वाया घालवू नका.

६. ग्रुपच्या ॲडमिननी घाबरून जायचं कारण नाही. सदस्याच्या पोस्टबद्दल, समान हेतू नसेल तर, ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली म्हटलं आहे. पण ग्रुपवर कुणाचे दाखले, आधार, घरचे पत्ते पडले तर ते काढणं हे ॲडमिनचं काम आहे. मोर्च्याचे फोटो टाकताना मुलींचे चेहरे आणि नावं त्यांना विचारल्याशिवाय टाकू नका.

एवढं एकट्याने करायचं म्हटलं तर होणार नाही. व्यवस्था सगळी जबाबदारी व्यक्तीवर टाकते, "सावध रहा" म्हणते आणि मोकळी होते. आपलं उत्तर सामूहिक असलं पाहिजे. परिषदा आणि सभांच्या संरक्षणासाठी बाबासाहेबांनी समता सैनिक दल उभं केलं, कारण एकेकट्या माणसाने लाठी खाण्यात काही अर्थ नव्हता. आज प्रत्येक विहारात, प्रत्येक अभ्यासिकेत दोन जण, एक मुलगा आणि एक मुलगी, या कामासाठी नेमा. रविवारी वंदनेनंतर अर्धा तास ते बसतील. मावशीचा फोन तपासतील, पोराचा अर्ज त्याच्याच नंबरवरून भरून देतील, फसलेल्या माणसाला न हसता १९३० लावून देतील. जयंतीची वर्गणी क्यूआर कोडवर घेणार असाल तर खातेदाराचं नाव विहाराच्या फळ्यावर लिहा, म्हणजे बनावट कोड फिरला तरी लोकांना ओळखता येईल. आणि संघटनेच्या पातळीवर दोन मागण्या घ्या. शिष्यवृत्तीचे अर्ज कॉलेजातच, मोफत भरून मिळाले पाहिजेत. जात ही संवेदनशील माहिती म्हणून कायद्यात परत आली पाहिजे.

धम्मपदातला दुसरा वग्ग अप्पमादाचा आहे. अप्पमाद म्हणजे गाफील न राहणं. तथागतांचा शेवटचा उपदेशही त्याचाच होता. आपण त्याचा अर्थ ध्यानापुरता घेतो. मला वाटतं, आईच्या हातातला फोन घेऊन तिच्या व्हॉट्सॲपला पिन लावून देणं हाही अप्पमादच आहे. येत्या रविवारी एवढं एक काम करा. मग पुढच्या शिबिरात हा विषय घ्यायचा की नाही, ते आपण मिळून ठरवू.

जय भीम! नमो बुद्धाय!